समुद्रकाठच्या छोट्या गावात राहायला जाताना: कोणतं काम कधी करायचं

डिसेंबरात फिरायला यायचं, समुद्रावरच्या गार वाऱ्यावर भुलायचं, जानेवारीत जमिनीला इसार द्यायचा, घर बांधायचं आणि पुढच्या दिवाळीत सामान घेऊन दाखल व्हायचं. मुंबई-पुण्याकडची बरीच माणसं कोकणात याच क्रमाने राहायला येतात. जुलै उजाडेपर्यंत भिंतींना बुरशी येते, विहिरीचा भरवसा राहिलेला नसतो, शेजाऱ्यांशी ओळख झालेली नसते, आणि घराला कुलूप लागतं. हौस खरी असते, पैसाही असतो. क्रम तेवढा उलटा झालेला असतो.

मी वेंगुर्ल्याला सात पावसाळे काढलेत. त्यामुळे उदाहरणं वेंगुर्ल्याची आहेत, पण देवगड, मालवण, शिरोडा इथेही हेच लागू पडेल, आणि गुहागर-श्रीवर्धनकडे थोड्याफार फरकाने. थोडक्यात क्रम असा: मेअखेर आणि जुलै अशा दोन फेऱ्या, पुढच्या एप्रिलच्या मध्याला भाड्याच्या घरात प्रवेश, १० मेच्या आत आगोट (पावसाळ्याआधीची तयारी), मग अख्खा पावसाळा, चतुर्थी, दसरा. जमिनीचा विषय त्यानंतर.

## टप्पा १: वाडी निवडा

गावाचं नाव एकच असलं तरी राहणं वाडीप्रमाणे बदलतं. वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेजवळ राहिलात तर भर पावसातही छत्री घेऊन दूध-भाजी आणता येते. उभादांड्याला समुद्र हाकेवर, पण औषधाची एक गोळी आणायची तरी गाडी काढावी लागते. साठीच्या पुढच्या माणसाने हा फरक आधी मोजावा, समुद्राचं दर्शन मागाहून.

मेअखेरची फेरी पाण्यासाठी. ज्या वाडीत घर बघताय तिथल्या विहिरीचं पाणी स्वतः शेंदून चाखा. समुद्र आणि खाडीजवळच्या बऱ्याच विहिरी मार्चनंतर मचूळ होतात. जिभेला कळलं नाही तर त्या पाण्यात वाटीभर तूरडाळ शिजवून बघा. डाळ बोटचेपी व्हायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला तर पाणी जड आहे. टँकर घ्यावा लागतो का, हे घरमालकाला विचारू नका, दोन घरं सोडून राहणाऱ्या बाईला विचारा.

जुलैची फेरी पावसासाठी. झोडपता पाऊस चालू असताना त्या घराच्या पडवीत अर्धा तास उभे राहा. झड कोणत्या बाजूने आत येते, रस्त्यावरचं पाणी कुठे वळतं, वीज गेल्यावर मोबाइलला रेंज राहते का, हे सगळं त्या अर्ध्या तासात कळतं.

दवाखान्याचं अंतर मिनिटांत मोजा. वेंगुर्ल्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. त्यापुढचं काम निघालं तर ओरोसचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय. घरात हृदयाचा किंवा किडनीचा रुग्ण असेल तर हा रस्ता रात्री, पावसात, एकदा स्वतः गाडी चालवून बघा. रेल्वेसाठी कुडाळ आणि सावंतवाडी ही दोन्ही स्थानकं पंचवीस-तीस किलोमीटरवर आहेत, आणि जूनपासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं. गाड्या हळू धावतात, वेळा बदलतात.

> तपासा: समुद्रासमोरच्या घरात गेलात तर खिडकीचा गज नखाने खरवडा. रंगाखालून पापुद्रा सुटून तांबडी भुकटी हाताला लागली, तर तुमचा फ्रिज, गॅसची शेगडी, गाडीचा पत्रा यांचंही तेच होणार. माझं मत स्पष्ट आहे: पाऊण-एक किलोमीटर मागे, माडांच्या आडोशाला घर घ्या. समुद्रावर रोज चालत जा. गाज रात्री तिथेही ऐकू येते.

## टप्पा २: आधी भाड्याचं घर, तेही कागदावर

"आपल्याच माणसाचं घर आहे, कागद कशाला" हे वाक्य इथे प्रेमाने म्हटलं जातं, आणि पुढे त्याच प्रेमाला तडा जातो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ही नोंदणी ऑनलाइन होते. पुढे आधारवरचा पत्ता बदलताना हाच कागद कामाला येतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही देऊन टाका.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या: पावसाआधी छपराचं काम कोण करणार, विहिरीचा पंप बिघडला तर खर्च कोणाचा, आणि आवारातले नारळ-आंबे-फणस कोणाचे. तिसरी गोष्ट शहरातल्या माणसाला क्षुल्लक वाटते. इथे सर्वाधिक गैरसमज तिच्यावरूनच होतात.

घर बघताना छपरापासून सुरुवात करा. नळ्यांचं (कौलांचं) छप्पर असेल तर वासे आणि रिपा वाळवीने खाल्ल्यात का ते टोचून बघा. स्लॅब असेल तर वर पत्र्याची शेड आहे का विचारा. नुसती स्लॅब इथल्या पावसात दोन-तीन वर्षांत पाझरू लागते. पश्चिमेच्या भिंतीला पडवी किंवा लांब पागोळी नसेल तर ती खोली पावसाळ्यात वापरता येणार नाही असंच धरा. शौचालयाची टाकी विहिरीपासून पन्नास फुटांच्या आत असेल तर ते घर सोडून द्या, भाडं कितीही कमी असलं तरी. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

सामान काय आणू नये: लाकडाच्या भुश्याच्या फळ्यांचं (पार्टिकल बोर्डचं) फर्निचर. पहिल्याच पावसात ते फुगतं आणि बिजागऱ्या निखळतात. आमचं कपाट ऑगस्टमध्ये असं फुगलं की दार लागेना, आणि आतल्या साड्यांना करड्या बुरशीचे ठिपके पडले. त्यातली एक आईची होती. जुनं सागवानी किंवा फणसाचं लाकूड आणा, नाहीतर इथेच सुताराकडून करून घ्या. लोखंडी कपाट आणायचंच तर पाय विटांवर उचला आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

## टप्पा ३: पहिले पंधरा दिवस

ही कामं कंटाळवाणी आहेत, पण पावसात करायला गेलात तर प्रत्येकाला दोन-दोन खेपा पडतील.

1. जुन्या एजन्सीकडून गॅसचं ट्रान्सफर व्हाउचर आणून इथे जोडणी घ्या. सिलिंडर दोन असू द्या.
2. आधारचा पत्ता, बँकेचा पत्ता आणि मतदार यादीसाठी फॉर्म ८.
3. महावितरणच्या तक्रार क्रमांकाबरोबर तुमच्या भागातल्या वायरमनचा नंबर.
4. रोज लागणारी औषधं इथे मिळतात का, हे दुकानदाराला चिठ्ठी दाखवून विचारा. मिळत नसतील तर तो मागवून देतो, पण त्याला आधी सांगावं लागतं.
5. इन्व्हर्टर. घरून काम करणाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट.

## टप्पा ४: आगोट

पावसाळ्याच्या तोंडावर घर आणि कोठी सज्ज करण्याच्या कामाला आगोट म्हणतात. बाहेरून आलेला माणूस सर्वांत जास्त इथेच चुकतो. त्याच्या हिशेबी पाऊस ७ जूनला, म्हणून तयारी मेच्या शेवटच्या आठवड्यात. पण तोवर मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, प्रत्येकाला तोच छपरावाला, तोच वायरमन, तोच नारळ काढणारा हवा असतो. आणि वादळ मृगाची वाट बघत नाही. तौक्ते वादळ २०२१ साली १६ मे रोजी या किनाऱ्यावरून गेलं. त्यानंतर सिंधुदुर्गात कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. म्हणून माझी तारीख १० मे.

आमच्या पहिल्या वर्षी शेजारच्या काकी एप्रिलमध्येच कुंपणाशी येऊन म्हणाल्या होत्या, "मिरगाआदी नळे परतून घेवा, मागीर माणूस गावाचो नाय." म्हणजे मृगाआधी नळे परतून घ्या, नंतर माणूस मिळायचा नाही. त्यांचं ऐकलं म्हणून तौक्तेत आमचे नळे थोडेच सरकले.

कामाचा क्रम पाळा:

छप्पर. नळे परतायचे, म्हणजे उतरवून, झाडून, फुटके बदलून पुन्हा बसवायचे. चाळीस-पन्नास नळे जादा घेऊन पडवीत रचून ठेवा. पावसात एक फुटला तर बाजारात त्याच मापाचा मिळेलच असं नाही.

झाडं. घरावर झुकलेल्या माडांचे सुके नारळ, सुक्या झावळ्या काढून घ्या. आंब्या-फणसाच्या छपरावर आलेल्या फांद्या छाटा. झाड शेजाऱ्याचं असेल तर त्याला विचारल्याशिवाय पानाला हात लावू नका.

पश्चिमेची बाजू. माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधा. ताडपत्रीपेक्षा झापं चांगली, कारण त्यांतून हवा खेळते आणि भिंत आतल्या आत घामेजत नाही. ताडपत्री लावलीच तर भिंतीपासून हातभर अंतर ठेवा.

लोखंड. गज, ग्रिल, गेट खरवडून आधी रेडऑक्साइड, ते पूर्ण वाळल्यावर वरचा रंग. घाईने ओल्यावर रंग चढवलात तर ऑगस्टमध्ये फुगे येतील. नवीन बिजागऱ्या, कड्या घ्यायच्या तर पितळी किंवा चांगल्या स्टीलच्या.

पाणी वाहायच्या वाटा. घराभोवतीचे चर मोकळे करा. विहिरीच्या कठड्याला भेग असेल तर बुजवा, नाहीतर आवारातलं गढूळ पाणी थेट पिण्यात येतं.

कोठी. सुकी मासळी एप्रिलपासून बाजारात येते. बांगडे, गोलमा, सुकट घेतल्यावर घरी पुन्हा दोन उन्हं द्या आणि मगच डब्यात भरा. दुकानातून आणून थेट भरलेली सुकट जुलैत ओलसर होते आणि वास सोडते. वर्षाचा मसालाही याच दिवसांत. मिरची अंगणात अशी वाळली पाहिजे की मुठीत धरून हलवली तर आतल्या बियांचा खुळखुळ आवाज आला पाहिजे. तसा आला नाही तर आणखी एक ऊन द्या. मग भाजून, कुटून, चिनी मातीच्या बरणीत. तांदळात कडुलिंबाचा पाला, सोलांना (आमसुलांना) खडे मीठ, कुळथाचं पीठ मात्र थोडं थोडं दळून आणा.

> जपून: बॅटऱ्या, मेणबत्त्या, पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे पिंप आणि आठवड्याची औषधं ही शेवटची खरेदी असली तरी ती १० मेच्या आतच. वीज गेली की पंप बंद, आणि पंप बंद की घरात पाणी नाही. विहिरीवर रहाट किंवा दोर-कळशी नसेल तर आताच घ्या.

## टप्पा ५: चार महिने पाऊस

तयारी झाली असेल तर इथे फारसं काही करायचं नसतं, पण चार सवयी लावून घ्या.

कपाटात शून्याचा बल्ब लावा आणि तो रोज काही तास चालू ठेवा. कॅमेरा, मिक्सर, पंखा, जे काही यंत्र आहे ते आठवड्यातून एकदा चालवा. बंद पडून राहिलेलं यंत्र दमट हवेत लवकर खराब होतं. विजा कडाडू लागल्या की टीव्ही आणि इंटरनेटच्या डब्याची पिन काढा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात हे जास्त पाळावं लागतं. चपला-बूट घालण्याआधी झटका.

शेतातून, चिखलातून अनवाणी चालून आल्यावर दोन-चार दिवसांनी, कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी, ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. तापाची गोळी घेऊन वाट बघत बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि चिखलात उतरलो होतो हे डॉक्टरांना न विचारता सांगा. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका.

> जपून: रात्री अंगणात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप कोकणात आहेत. दंश झाला तर घट्ट आवळून बांधणं नाही, चिरा नाही, मांत्रिक नाही. तो अवयव न हलवता १०८ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय.

## टप्पा ६: समुद्र आणि मासळी

भरती-ओहोटीचं जुनं गणित पाठ करा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. सव्वासहा तासांनी ओहोटी, आणखी तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती. हे गणित मुंबईच्या बाजूला जास्त जुळतं. दक्षिणेकडे वेळ थोडी अलीकडे येते, म्हणून आठवडाभर स्वतः बघून तुमच्या किनाऱ्याचा फरक ठरवून घ्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती-ओहोटी.

पोहायचं तर ओहोटी लागल्यावर नाही, खाडीच्या मुखाजवळ कधीच नाही, आणि जून ते सप्टेंबर पाण्यात पाऊल नाही. पाणी आत ओढत असेल तर किनाऱ्याकडे थेट झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. कुठे ओढ आहे हे रापणीवरच्या (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या) माणसांना विचारा, ते हाताने जागा दाखवतात. किनाऱ्यावर गाडी घालू नका. खाऱ्या वाळूने चेसिस सडते, आणि चाकाखाली कोणाची जाळी येते ते वेगळंच.

मासळी घेताना नवख्याची चूक एकच: रोज नवीन टोपली शोधत फिरणं. एका मावशीकडे दोन महिने सलग जा. भाव पाडू नका. एकदा ओळख पटली की ती स्वतःच सांगते, "आज इसवण (सुरमई) घेव नको, बर्फातली आसा. बांगडो बघ." मग तिने बांगड्याचा कल्ला उचलून दाखवला की आतली लाली दिसते, अंगठा दाबला तर मांस परत वर येतं. तोवर हे दोन्ही स्वतः तपासत जा. सोमवारी बाजार पातळ असतो, बऱ्याच घरांत त्या दिवशी शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. हा मासळीच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. त्या दोन महिन्यांत खाडीचं मिळेल ते, नाहीतर आगोटीतलं सुकं.

## टप्पा ७: गावात मिसळणं

पहिल्या वर्षी ऐका, सुचवू नका. देवळाचे मानकरी कोण, गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं कोण घालणार, पालखी कोणत्या वाटेने जाणार, हे गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या परंपरागत रीतीत, ठरलेलं असतं. जत्रेची वर्गणी मागायला आले तर घरात बसवून द्या, दारातून नको. दशावताराला रात्री शेवटपर्यंत बसा.

चतुर्थी हा सगळ्यात मोठा दिवस. तुमच्याकडे गणपती असो वा नसो, शेजारच्या आरत्यांना जा. आमंत्रणाची वाट बघू नका, आरतीला बोलावणं नसतं. तुमच्याकडे गणपती असेल तर वाडीतलं भजन येईल. चहा आणि उसळ पंचवीस-तीस माणसांना पुरेल इतकी ठेवा.

कचऱ्याची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने वर्गीकरणाचं काम इतकं नीट बसवलंय की कचरा डेपोच्या जागेला "स्वच्छ भारत पर्यटन स्थळ" म्हणतात. ओला, सुका, प्लास्टिक, काच वेगळं करून द्यावं लागतं. सगळं एकाच पिशवीत बांधून देणारं घर चार दिवसांत सगळ्यांना माहीत होतं.

> तपासा: दसऱ्यापर्यंत वाडीतल्या किती घरांत तुम्ही आत जाऊन बसला आहात? पाचपेक्षा कमी असतील तर जमीन घ्यायची घाई करू नका. जमिनीचा खरा इतिहास याच घरांत कळतो.

## टप्पा ८: आता जमीन

पावसाळा काढलात, पाणी बघितलंत, माणसं ओळखीची झाली. मगच कागद मागवा.

सातबारा, ८अ (खातेउतारा) आणि मागचे सगळे फेरफार काढा. नगरपरिषद हद्दीतल्या जागेची मिळकत पत्रिका असेल तर तीही. कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस-तीस नावं सामाईक असणं नेहमीचं. त्यांतले निम्मे मुंबईत, काही परदेशात, काही वारलेले. एका भावाने "बाकीच्यांचं मी बघतो" म्हटलं तरी सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत वाटप हाती येईपर्यंत थांबा. "इतर हक्क" हा रकाना शब्दन्‌शब्द वाचा. कूळ, बोजा, वाट, सगळं तिथेच असतं. भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा देवस्थानची जमीन असेल तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

तुमच्या नावावर महाराष्ट्रात शेतजमीन नसेल आणि तुम्ही कायद्याच्या व्याख्येत शेतकरी बसत नसाल, तर शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. ही गोष्ट दलाल सगळ्यात शेवटी सांगतात. म्हणून तुम्ही सगळ्यात आधी विचारा.

भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) कक्षेत येतो, आणि खाडीकाठालाही हे नियम लागतात. नगरपरिषदेची हद्द आणि ग्रामपंचायतीची हद्द यांत बांधकामाचे नियम वेगळे आहेत. त्या सर्व्हे नंबरवर काय बांधता येतं हे नकाशावरून लेखी घ्या. शेजारी बंगला उभा आहे, याचा अर्थ तुम्हाला परवानगी मिळेल असा होत नाही.

मग भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, चारही बाजूंच्या जमीनवाल्यांना बोलवा, खुणांचे चिरे त्यांच्यासमोर पुरा. रस्त्यापासून जागेपर्यंतची वाट कोणाच्या जमिनीतून जाते ते तिथेच विचारा. आज बैलगाडी जाते म्हणून उद्या ट्रक जाऊ देतील असं नाही, त्या वाटेचा हक्क कागदावर हवा.

इसाराची रक्कम देण्याआधी शेवटची फेरी मेअखेरीला मारा. जागेत विहीर असेल तर पाणी शेंदा, चाखा, आणि डाळ शिजवून बघा.